भेगांतली माशी

‘मेंदूज्वर डासांमुळेच, धूरफवारणी वाढवा’ हे वाचकपत्र अर्धेच खरे. जपानी मेंदूज्वर डास पसरवतात, त्यावर लसही आहे. पण आपल्या शेजारच्या नागपूर जिल्ह्यात चांदीपुरा गावी १९६५ साली सापडलेला, मेंदूज्वर घडवणारा दुसरा विषाणू वाळूमाशी पसरवते, आणि त्यावर लस नाही. डासाहून लहान असलेली ही माशी मातीच्या भिंतींच्या भेगांत, गोठ्यातल्या ओलसर कचऱ्यात वाढते. गाडी रस्त्यावरून धूर सोडत गेली, तर भेगेतल्या माशीला त्याचे काय? भेगा लिंपा, भिंतीवर औषध मारा. ताप, उलट्या, झटके आलेले लेकरू दिवसभरातच बेशुद्ध पडू शकते. तेव्हा ‘बाहेरचं’ म्हणून उतारा कसला काढता? सरळ सेवाग्रामचे रुग्णालय गाठा.
– एक वाचक, जाम (ता. समुद्रपूर, जि. वर्धा)