अंगठ्यांचा वाद: चूक रंगाची नव्हे, काळाची

१/ ‘द रिंग्ज ऑफ पॉवर’ ही मालिका सप्टेंबर २०२२मध्ये आली आणि टॉल्किनचे चाहते दोन छावण्यांत विभागले गेले. २०२४मध्ये दुसरे पर्व येऊन गेले, तरी तह झालेला नाही. एक छावणी म्हणते, मालिकेने मूळ ग्रंथाशी द्रोह केला. दुसरी म्हणते, असे म्हणणारे सारेच वर्णद्वेष्टे. माझ्या मते दोघीही भलत्याच किल्ल्याला वेढा घालून बसल्या आहेत.

२/ पहिल्या छावणीचा सर्वांत मोठा गदारोळ कलाकारांच्या वर्णावरून झाला. अरोंदिर हा एल्फ इस्माएल क्रूझ कोर्दोव्हा याने, दिसा ही ड्वार्फ राजकन्या सोफिया नोमव्हेटे हिने आणि एका हारफूट म्होरक्याची भूमिका लेनी हेन्री यांनी केली. त्यांच्यावर इतकी गरळ ओकली गेली की मालिकेच्या चमूला जाहीर निवेदन काढून निषेध करावा लागला.

३/ या गदारोळाला ‘इतिहासाचा’ आधार दिला जातो: टॉल्किनचे जग म्हणजे मध्ययुगीन उत्तर युरोप, आणि तेथे सारे गोरेच होते. हा इतिहास नव्हे. इतिहासाविषयीची समजूत आहे. सातव्या शतकात कँटरबरीच्या मठाचा अधिपती हेड्रियन हा मूळचा उत्तर आफ्रिकेतला होता. अँग्लो-सॅक्सन इंग्लंडची विद्यापरंपरा घडवणाऱ्यांत त्याची गणना होते. ऑक्सफर्डमध्ये अँग्लो-सॅक्सन शिकवणाऱ्या टॉल्किनसारख्या प्राध्यापकाला हे कोणी सांगण्याची गरज नव्हती.

४/ शिवाय त्याचे जग केवळ उत्तरेचे नाहीच. १९५८च्या एका पत्रात तो सुचवतो की गोंडोरचे लोक डोळ्यांसमोर आणायचे असतील तर प्राचीन इजिप्त आठवावा; त्यांच्या राजमुकुटाची तुलनाही तो इजिप्तच्या उंच मुकुटाशी करतो. १९६७च्या पत्रात हॉबिटन ऑक्सफर्डच्या अक्षांशावर, तर मिनास तिरिथ फ्लॉरेन्सच्या अक्षांशावर ठेवतो. न्यूमेनॉरच्या बुडण्यामागे तर थेट अटलांटिसची कथा आहे.

५/ हारफूटांचे काय? ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या उपोद्घातातच ते इतर हॉबिटांपेक्षा अधिक सावळे असल्याचे नोंदवलेले आहे. आणि १९३८मध्ये एका जर्मन प्रकाशकाने ‘आपण आर्य आहात का?’ अशी पृच्छा केली, तेव्हा टॉल्किनने उत्तराचा जो मसुदा लिहिला, तो या छावणीने एकवार अवश्य वाचावा.

६/ येथे प्रामाणिकपणे एक कबुलीही दिली पाहिजे. परिशिष्ट ‘एफ’मध्ये एल्दार एल्फांचे वर्णन गौर कांतीचे असे आहे. ते नाकारण्यात अर्थ नाही. पण साधन हाती आले म्हणजे काम संपत नाही. त्याचे वजन करावे लागते. म्हणून कसोटी अशी लावू: ही नोंद बदलली, तर कथेतील कोणती घटना घडायची थांबते? कोणते कारण नाहीसे होते? एकही नाही. अरोंदिर कोणत्याही वर्णाचा असला तरी दुसऱ्या युगातील एक पानही हलत नाही.

७/ आता हीच कसोटी काळाला लावू. परिशिष्ट ‘बी’ म्हणजे चक्क शकावली आहे. ज्यांनी जेधे शकावली चाळली आहे त्यांना तिची रचना चटकन ओळखू येईल: आधी वर्ष, मग एक-दोन ओळींची कोरडी नोंद. कोठे भावनेचा ओलावा नाही, आणि तरीही सलग वाचत गेल्यास अंगावर काटा येतो.

८/ दुसऱ्या युगाच्या मोजक्या नोंदी पाहा. सुमारे १५९०: एल्फांच्या तीन अंगठ्या पूर्ण. सुमारे १६००: सॉरॉन मुख्य अंगठी घडवतो. १६९७: केलेब्रिंबोरचा वध. १७००: न्यूमेनॉरचा राजा तार-मिनास्तिर एल्फांच्या मदतीला प्रचंड आरमार धाडतो. ३२०९: इसिल्दुरचा जन्म (हा सन मात्र परिशिष्ट ‘बी’बाहेरचा). ३३१९: न्यूमेनॉर समुद्रात बुडते. ३४४१: सॉरॉनचा पराभव. केलेब्रिंबोरचा वध आणि इसिल्दुरचा जन्म यांत तब्बल १५१२ वर्षांचे अंतर आहे.

९/ या अंतरातच खरा इतिहास आहे. १७००मध्ये तारणहार म्हणून आलेले न्यूमेनॉरी १८००च्या सुमारास त्याच किनाऱ्यांवर आपली सत्ता वसवू लागतात. २२५१मध्ये तार-अतानामिर मरतो. मृत्यू दारात उभा असतानाही जीवनाला चिकटून राहणारा हा राजा. त्याच वर्षाच्या नोंदीत प्रजेतील दुफळीची सुरुवात आहे. मदतीचे रूपांतर मालकीत आणि मृत्यूच्या भयाचे रूपांतर राजनीतीत कसे होते, हे टॉल्किनने शतकांच्या मापाने दाखवले आहे.

१०/ मालिकेने काय केले? ही सारी शतके एका पिढीत कोंबली. तेथे केलेब्रिंबोर आणि तरुण इसिल्दुर समकालीन आहेत. परिणामी न्यूमेनॉरचा एल्फद्वेष कोठून आला हे सांगायला काळच उरला नाही. मग पहिल्या पर्वात एक कारागीर भर चौकात ‘एल्फ येऊन आपला रोजगार हिसकावतील’ अशा आशयाचे भाषण ठोकतो. जे मरत नाहीत त्यांच्याविषयी मर्त्य माणसांना शतकानुशतके वाटत आलेली असूया, आणि तिची जागा घ्यायला आजच्या बातम्यांतून उसनी आणलेली घोषणा! हा खरा ग्रंथद्रोह.

११/ आता दुसऱ्या छावणीकडे वळू. तिचा पहिला बचाव हक्कांचा: निर्मात्यांकडे ‘द सिल्मरिलियन’चे हक्क नव्हते. मान्य. पण ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ आणि त्याची परिशिष्टे यांचे हक्क होतेच. इसिल्दुरच्या जन्माचा सन सोडला, तर वर दिलेला दुसऱ्या युगाचा प्रत्येक सन परिशिष्ट ‘बी’मधलाच आहे. विकत घेतलेल्या पानांवरच हा कालक्रम छापलेला होता.

१२/ दुसरा बचाव नाट्याचा. खुद्द मालिकाकर्त्यांनी सांगितले आहे की मूळ कालक्रम पाळला असता तर दर पर्वात मानवी पात्रे मरत राहिली असती. अहो, तीच तर कथा आहे! एल्फ उरतात, माणसे जातात. गॅलाड्रिएल तीच, आणि तिच्यासमोर दर पर्वात नवा राजा. आधी कृतज्ञ, मग मत्सरी, मग वैरी. न्यूमेनॉर का बुडाले हे याहून प्रभावीपणे कसे दाखवणार होता? ‘द क्राउन’ने दर दोन पर्वांनी कलाकार बदलले, प्रेक्षकांनी ते सहज स्वीकारले. प्रेक्षकाला काळ पेलत नाही, हा निर्मात्यांचा समज आहे. प्रेक्षकाचा दोष नव्हे.

१३/ टॉल्किनला रूपांतर मुळातच अमान्य होते असेही नाही. आपल्या कथाचक्रात पुढील काळातील चित्रकार, संगीतकार, नाटककार यांना वाव असावा, असे त्याने एका पत्रात लिहिले आहे. मात्र १९५८मध्ये चित्रपटाचा एक मसुदा त्याच्याकडे आला, तेव्हा त्याने त्याची सालटी काढली. त्यात एक ठळक तक्रार होती काळ आणि अवकाश आक्रसून टाकल्याची. शरदात सुरू होऊन हिवाळ्यातून वसंताकडे जाणारा प्रवास त्याला कथेचा गाभा वाटत होता. काही महिन्यांच्या आक्रसण्यावर जो चिडला, तो दीड हजार वर्षांवर काय म्हणाला असता?

१४/ ‘पण त्याने स्वतःही लिखाण बदललेच ना?’ बदलले. १९३७च्या ‘द हॉबिट’मधील गोल्लमचे प्रकरण १९५१च्या आवृत्तीत पालटले. मात्र त्या बदलाचा त्याने हिशेब दिला: जुनी हकिगत म्हणजे बिल्बोने आधी सांगितलेले असत्य होते, असे कथेच्या आतच नोंदवले. म्हणजे पाठभेदाचेही त्याने कारण दिले. बदलाला मुभा आहे, पण कार्यकारणाचा हिशेब चुकता करून. मालिकेने नेमका तोच थकवला.

१५/ मला सर्वांत जास्त राग पहिल्या छावणीचा येतो तो यासाठी. कातडीवरून तिने इतका कल्लोळ केला की काळाविषयीचा रास्त आक्षेप त्यात बुडून गेला. आता कोणी मालिकेवर टीका केली की तो त्याच टोळीतला ठरवला जातो. कलाकारांचा छळ झाला, निर्मात्यांना आयती ढाल मिळाली आणि टॉल्किनच्या पदरात काहीच पडले नाही.

१६/ इतिहासावर प्रेम करणाऱ्यांनी तरी यातून एक सवय उचलावी. पडद्यावर भूतकाळ दिसला, मग तो खरा असो वा कल्पित, की ‘हे लोक असेच दिसत होते का?’ याच्या आधी विचारावे: हे कशानंतर घडले? मध्ये किती काळ गेला? त्या काळात काय बदलले? ज्या कथेला याचे उत्तर देता येत नाही, तिच्यातले सगळे चेहरे ग्रंथाबरहुकूम असले, तरी तिने इतिहास गमावलेला असतो.