बोटीवरची माणसं

यंदाचा दिवाळी अंक समुद्राला वाहिलेला आहे. समुद्राचं नाव काढलं की मराठी लेखणी आधी आरमाराकडे वळते, आणि वळावंच. कान्होजी आंग्र्यांच्या दस्तकाशिवाय फिरणाऱ्या जहाजाला आपल्या किनाऱ्यावर अभय नव्हतं. ज्यांची जहाजं धरली गेली, त्या इंग्रजांनी त्यांना चाचे ठरवलं. त्याच इंग्रजांच्या हेन्री एव्हरीने १६९५ साली सुरतेला परतणारं औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ हे जहाज लुटलं. त्या लुटीचे हिशेब पुस्तकोपुस्तकी वाचायला मिळतात. त्या जहाजावरच्या यात्रेकरूंची नावं कोण सांगतो?

आमचं मन अडतं ते ‘तिलावा’पाशी. २० नोव्हेंबर १९४२ रोजी ही प्रवासी बोट ९५८ माणसं घेऊन मुंबईहून आफ्रिकेकडे निघाली. तिसऱ्या दिवशी जपानी पाणबुडीचा टॉर्पेडो लागला. बोट लगेच बुडाली नाही, म्हणून होड्यांतून उतरलेले काही जण परत वर चढले. मग दुसरा टॉर्पेडो आला. २८० माणसं गेली. बोटीवर दक्षिण आफ्रिकेसाठी नेलेली साठ टन चांदीही होती. ती २०१७ साली अडीच किलोमीटर खोलीतून वर काढली गेली आणि तिच्या मालकीचा वाद थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोचला. चांदीसाठी एवढी चिकाटी दाखवणाऱ्या जगाला माणसांची यादी पाठ नाही, हे आम्हाला सहन होत नाही.

बोटीवरच्या कामगारांची कथा तर त्याहून अबोल. रत्नागिरीकडचे डेकवर, गोव्याचे स्टुअर्ड म्हणून, पंजाबकडचे खाली इंजिनात, अशी ही माणसं मुंबई बंदरातून चढत. सारंग, तांडेल, भंडारी हे त्यांचे हुद्दे. पगार गोऱ्या खलाशाच्या कितीतरी खाली. टॉर्पेडो पाण्याखाली फुटतो आणि इंजिनाची खोलीही तिथेच असते, त्यामुळे खालच्या पाळीतल्यांना शिडी गाठायलाही वेळ मिळत नसे. दुसऱ्या महायुद्धात व्यापारी जहाजांवरचे जवळपास सहा हजार भारतीय असे गेले. मुंबईत मस्जिद बंदरच्या खलाशी निवासात त्यांच्या नावांची वही आहे. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या किती मुंबईकरांना ती ठाऊक आहे?

हे संपलेलंही नाही. मार्च २०२४ मध्ये एडनच्या आखातात ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या जहाजावर क्षेपणास्त्र पडलं, तीन जण ठार झाले. वाचलेल्या एकवीस जणांना ‘आयएनएस कोलकाता’ने उचललं. त्याच महिन्यात याच युद्धनौकेने ‘रुएन’ जहाज चाळीस तासांच्या कारवाईनंतर सोमाली चाच्यांकडून सोडवलं. सतराही खलाशी सुखरूप सुटले आणि पस्तीस चाचे मुंबई पोलिसांच्या ताब्यात आले.

वाचकहो, दिवाळीच्या शुभेच्छांसोबत एक विनंती. तुमच्या घरात कुणी बोटीवर जाऊन परतलं नसेल, तर त्यांचं नाव, गाव आणि बोटीचं नाव आम्हाला लिहून पाठवा. जुनी तार, नोकरीची पुस्तिका, काही असेल तर त्याची प्रत जोडा. काहीच नसेल तर नुसतं नाव पाठवा. पुढच्या दिवाळी अंकात आम्ही ती सगळी छापू.