दर वेळी नवा डॉक्टर नको




हे पत्र मी सांगते आहे आणि माझी नात लिहून घेते आहे, कारण माझं अक्षर आता मलाच लागत नाही. जिल्हा परिषदेच्या शाळेत ३१ वर्षं शिकवलं. दुखण्याची पहिली खूण फळ्यावरच दिसली. ओळ सुरू व्हायची ठसठशीत आणि शेवटाला जाईपर्यंत अक्षर मुंगीएवढं व्हायचं. मागच्या बाकावरची लेकरं म्हणायची, "बाई, दिसंना." मी आधी खडू बदलला, मग चष्मा बदलला. हाताची थरथर त्यानंतर सुरू झाली आणि पार्किन्सन्स हे नाव कळायला आणखी दोन वर्षं गेली. त्याला आता नऊ वर्षं झाली.

"फोनवरून कसली आलीय तपासणी? डॉक्टरनं हात लावल्याशिवाय दुखणं कळतं का?" हे वाक्य मी लग्नात, बाजारात आणि खुद्द डॉक्टरांच्याही तोंडून ऐकलं आहे. ताप, खोकला, पोटदुखीपुरतं व्हिडिओवरचं बोलणं ठीक, मेंदूच्या आजाराला ते चालायचं नाही, असं बहुतेकांना वाटतं. माझा अनुभव नेमका उलटा आहे, म्हणून हे पत्र.

धारूर तालुक्यातल्या आमच्या गावातून छत्रपती संभाजीनगरला डॉक्टरांकडं जायचं तर घाट उतरून तेलगाव, माजलगाव, मग गढीला धुळे-सोलापूर महामार्ग. जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटरच्या वर. गाडीचं भाडं, मुलाचा एक दिवस, यजमानांचा एक दिवस. पण पैशांपेक्षा मोठं नुकसान वेगळंच आहे. माझ्या अंगात हालचाल असते ती गोळीच्या जोरावर. लेव्होडोपाची गोळी लागू पडली की दोन-तीन तास मी चालते, बोलते. ती उतरली की पाय जमिनीला खिळतात. प्रवासात खोळंबा नको म्हणून दवाखान्याच्या दारात गोळी घ्यायची, नंबर लागेपर्यंत ती चढायची आणि मी डॉक्टरांपुढं तरतरीत चालत जायची. "छान आहे की तब्येत!" हे मी चार वर्षं ऐकलं. डॉक्टरांची काही चूक नव्हती, त्यांनी जे पाहिलं ते खरंच छान होतं. दुपारी चार वाजता माझ्या घरात काय होतं, ते त्यांना तिथून दिसणारच नव्हतं.

ते दिसलं व्हिडिओवर. डॉक्टरांनी मुद्दाम दुपारची वेळ दिली, गोळी उतरायची वेळ. मुलानं फोन आडवा धरला. मूठ उघडा-मिटा, बोटं टिचकावा, हाताची घडी घालून खुर्चीतून उठा, चाला. मी ओसरीवरून निघाले आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबले. पाय निघेना. शरीर पुढं आणि पावलं मागं, अशी मी चौकट धरून उभी राहिले. डॉक्टर म्हणाले, "बाई, हे मला आजवर कधीच दिसलं नव्हतं." मग त्यांनी विचारलं, जेवता कधी आणि गोळी कधी घेता. मी गोळी वरण-भाताबरोबर घ्यायची. प्रथिनं आणि हे औषध आतड्यात एकमेकांची वाट अडवतात, म्हणून गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगितली. आणि उंबऱ्यापुढं पावला-पावलाच्या अंतरानं आडव्या रेघा ओढायला लावल्या. अडकलेल्या पावलाला डोळ्यांपुढं रेघ दिसली की ते उचललं जातं. घरात खडू होतेच. माझ्या हातचे शेवटचे खडू त्या कामी आले.

म्हणून तपासणी होत नाही असं कुणी म्हणू नये. अमेरिकेत सुमारे दोनशे पार्किन्सन्स रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांच्या जोडीला घरबसल्या व्हिडिओ भेटी मिळालेल्या रुग्णांच्या जगण्याच्या दर्जात इतरांपेक्षा फरक पडला नाही, पण दर भेटीमागं त्यांचा दीड तासाच्या आसपास वेळ वाचला. त्यांचे रस्ते आणि आपला घाट यांची तुलना वाचकांनीच करावी.

मात्र पहिलं निदान व्हिडिओवर करू नये, याबद्दल मी ठाम आहे. प्रत्येक थरथर पार्किन्सन्सची नसते. उलटीवरची आणि चक्करवरची काही औषधं घेऊनही माणूस असाच ताठरतो आणि ती बंद केल्यावर सुधारतो. सांध्यातला ताठरपणा मनगट हातात धरून फिरवल्यावरच कळतो. मागून खांदे ओढून तोल पाहायचा तर पाठीशी डॉक्टर उभा हवा. आणि नुसत्या आवाजी फोनवरचा सल्ला आमच्या कामाचा नाही. या आजारात आवाज खोल जातो. मी बोलते ते शेजारच्या खोलीत ऐकू येत नाही, तर फोनवरून डॉक्टरला काय ऐकू जाणार? मग यजमान बोलतात, मुलगा बोलतो, आणि दुखणं माझं असून मी गप्प. बायकांच्या बाबतीत हे फार होतं. डॉक्टरांनी पाच मिनिटं तरी घरच्यांना बाजूला करून आमच्याशी बोलावं.

आता माझा मुख्य मुद्दा. सरकारची ई-संजीवनी सेवा आहे, मोफत आहे. एप्रिल २०२० पासून घरबसल्या सल्ला मिळतो आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये देशभरातल्या सल्ल्यांनी १० कोटींचा टप्पा ओलांडला. मला त्याचा आनंद आहे. पण टोकन घ्यायचं आणि त्या घडीला रांगेत जो डॉक्टर बसला असेल त्याच्याशी बोलायचं, ही रीत तापासाठी बरोबर आहे. वाढत जाणाऱ्या आजारासाठी नाही. माझा आजार एका दिवसात दिसत नाही, तो सहा महिन्यांपूर्वीच्या माझ्याशी ताडून दिसतो. नव्या डॉक्टरला मी नेहमीच नवी. नऊ वर्षांची कहाणी खोल आवाजात सांगेपर्यंत वेळ संपतो आणि जुनीच चिठ्ठी पुढं चालते. किती कॉल झाले ते शासन मोजतं. एकाच रुग्णाला तोच डॉक्टर किती वेळा भेटला, तेही मोजा.

हे आपल्या जिल्ह्यात जमण्यासारखं आहे. अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथून, गरज पडेल तर मोठ्या शहरातल्या तज्ज्ञाला जोडून घेऊन, आठवड्यातला एक दिवस पार्किन्सन्स, मोटर न्यूरॉन विकार, मल्टिपल स्क्लेरोसिस अशा रुग्णांच्या पुढच्या भेटींसाठी राखून ठेवावा. ठरलेला डॉक्टर, ठरलेली वेळ आणि वेळ गोळीच्या हिशेबानं. कर्नाटकात निम्हान्स या संस्थेच्या मदतीनं प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या डॉक्टरांना मेंदूविकारांचं शिक्षण देण्याचा कार्यक्रम २०२२ पासून चालू आहे. आपल्याला काही अगदी नव्यानं शोधायचं नाही.

आणि रुग्णाच्या बाजूला कुणीतरी हवं. माझ्या घरी फोन धरायला मुलगा आहे, नात आहे. आमच्याच गावात दिवाळी सरली की घरंच्या घरं कुलूपबंद होतात, जोडपी कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. मागं राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. पार्किन्सन्स झालेल्या म्हातारीच्या हाती स्मार्टफोन देऊन तिला व्हिडिओवर या म्हणणं ही क्रूर गोष्ट आहे. तिथं उपकेंद्रातल्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यानं बसावं. झोपवून आणि उभं करून रक्तदाब मोजावा, डॉक्टर सांगतील तसं मनगट फिरवून पाहावं, पडझड झाली का ते विचारावं. घरून न्यायला-आणायला आशाताई आहेत, त्यांना त्याचा मोबदला मात्र मिळाला पाहिजे. फुकटात त्यांच्यावर आणखी एक काम लादू नये.

२५ मार्च २०२० च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे, त्याच डॉक्टरांनी सहा महिन्यांच्या आत प्रत्यक्ष पाहिलं असेल तर पुढची भेट 'फॉलो-अप' धरली जाते आणि औषधं बदलायला जास्त मोकळीक राहते. मला हे मान्य आहे. वर्षातून दोनदा मी जाईन, घाट उतरून जाईन. पण जो माणूस अंथरुणाला खिळला आहे, ज्याला घास गिळताना ठसका लागतो, त्याला दर सहा महिन्यांनी गाडीत आडवं घालून न्यायचं का? तालुक्याच्या सरकारी डॉक्टरनं घरी येऊन हात लावून तपासलं आणि त्या वेळी तज्ज्ञ व्हिडिओवर हजर असला, तर ती प्रत्यक्ष भेट धरावी. नियमात एवढी एक ओळ घालायला काय हरकत आहे?

औषधांचंही तसंच. व्हिडिओवर चिठ्ठी मिळते, गोळी मिळत नाही. लेव्होडोपा-कार्बिडोपा राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीत आहे, ते एकाएकी बंद पडणं जिवावर बेतू शकतं. गेल्या पावसाळ्यात तालुक्याच्या दुकानात गोळी संपली आणि मुलगा बीडहून घेऊन येईपर्यंत मी दीड दिवस कूस बदलू शकले नाही. ग्रामीण रुग्णालयात निदान दोन महिन्यांचा साठा असावा आणि ज्यांची नावं आरोग्य खात्याच्या वहीत आहेत त्यांच्यापर्यंत तो आशाताईंमार्फत पोचावा.

मुळात अशी वही आहे का, हा माझा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना प्रश्न आहे. बीडच्या ११ तालुक्यांत असे किती रुग्ण आहेत, त्यातले किती एकटे राहतात, हे घरोघर फिरून नोंदवा. ऊसतोडीला माणसं बाहेर पडण्याआधी, म्हणजे दसऱ्याच्या आत नोंदवा. त्या वेळी घरात माहिती सांगायला कुणीतरी असतं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
ता. धारूर, जि. बीड