पंचवीस आणि इप्पत्तैदु

बी.ए., बी.कॉम.च्या मुलांना संख्याशास्त्र शिकवताना पहिला महिना संख्याशास्त्राचा नसतोच. तो जातो अपूर्णांकात, दशांश चिन्हात आणि उणे गुणिले उणे अधिक का होते, या जुन्या दुखण्यात. नौबादहून, भालकीहून, औरादकडून बसने येणारी ही मुले दहावीला गणितात पास झालेली असतात. पण तीन चतुर्थांश म्हणजे शेकडा किती, असे विचारले की सगळ्यांच्या माना वहीत. "मॅडम, फॉर्म्युला सांगा, पाठ करतो," हे ठरलेले उत्तर. फॉर्म्युला पाठ होतोही. आकडे कुठे घालायचे तिथे गाडी अडते.

या मुलांचे डोकेच चालत नाही, असे कोणी म्हटले की मला पटत नाही. बापाबरोबर अडतीवर गेलेला मुलगा तुरीची पट्टी बघून हमाली, तोलाई वजा जाता हातात किती येणार ते उभ्या उभ्या सांगतो. तोच मुलगा वर्गात फळ्यासमोर गप्प होतो.

आपल्यासारख्या दोन भाषांच्या घरात आणखी एक गुंता असतो. मूल आजीकडून 'पंचवीस' शिकते, शाळेत 'इप्पत्तैदु' म्हणते आणि कॉलेजात 'ट्वेंटी फाइव्ह' ऐकते. मराठीत पाच आधी, वीस मागून. कन्नडमध्ये वीस आधी, पाच नंतर. 'एकोणतीस' तर तिसाला एक कमी, आणि 'इप्पत्तोंबत्तु' सरळ वीस आणि नऊ. घाईत ऐकून लिहिताना 52 चे 25 होतात, त्यात नवल ते काय!

2019 साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असे वाचन आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी दक्षिणेकडच्या भाषांचा दाखला दिला होता. तिकडे त्याची थट्टा झाली. आपल्याकडच्या मुलांना मात्र ही रीत रोजच्या कानाची. मी काही 'पंचवीस' सोडा म्हणणार नाही, तो आपल्या जिभेचा शब्द आहे. पण दोन्ही नावे फळ्यावर शेजारी लिहून दहा मिनिटे बोलले, की मुले मोकळी होतात. 'मुक्कालु'चेही तसेच. मराठी 'पाऊण' एकातून पाव काढते. कन्नड 'मुक्कालु' म्हणजे तीन वेळा पाव. एकाच अपूर्णांकाच्या या दोन वाटा ज्याला घरबसल्या मिळाल्या, त्याने तीन चतुर्थांशाला का भ्यावे?

आणि गंमत बघा, आमच्या विषयातले दोन मुख्य शब्द दोन्ही भाषांत एकच आहेत: सरासरी आणि शेकडा. तेव्हा सुरुवात तिथूनच करते.

समजा, एका गल्लीत नऊ घरे आहेत. जमीन अशी: 1, 1, 2, 2, 2, 3, 3, 4 आणि शेवटच्या घरी 36 एकर. बेरीज 54, भागिले नऊ, सरासरी सहा एकर. आता सहा एकर कोणाकडे आहे? कोणाकडेच नाही. आठ घरे त्याच्या खाली, एक खूप वर. मग घरे चढत्या क्रमाने उभी करून मधले, पाचवे घर बघायचे. तिथे दोन एकर. हा मध्यक. यात अवघड गणित काही नाही, पण गल्लीची खरी स्थिती कोणता आकडा सांगतो यावर वर्ग भांडू लागतो. पुस्तकात तीन पाने वाचून जे होत नाही ते इथे होते.

शेकड्याला मी नंजुंडप्पा समितीचा अहवाल घेते. 2002 सालच्या या अहवालाने राज्याची सरासरी 1 धरून तालुक्यांचा निर्देशांक काढला आणि 175 पैकी 114 तालुके मागास ठरवले. त्यातले 39 अतिमागास, आणि त्या 39 मध्ये 21 एकट्या गुलबर्गा विभागाचे. आता 21 म्हणजे शेकडा किती? अर्धा वर्ग 54 म्हणतो, कारण त्यांनी 39 ने भागले. कोणीतरी विचारते, आपल्या विभागात तेव्हा एकूण तालुके किती? 31. मग उत्तर 68 च्या जवळ जाते. "मॅडम, खरे कोणते?" दोन्ही. पहिले सांगते, राज्यातल्या अतिमागास तालुक्यांत आपला वाटा किती. दुसरे सांगते, आपल्या विभागाचा किती भाग अतिमागास. पेपरात बातमी देणारा कोणता छापतो, ते आपण बघायचे.

हे आकडे या मुलांना परके नाहीत. 371 (जे) चे प्रमाणपत्र काढायला त्यांच्यातले निम्मे तरी तहसीलच्या रांगेत उभे राहिलेले असतात. ते कलम घटनेत आले त्यामागे असल्याच मागासपणाच्या हिशेबाचा आधार होता, हे कळले की मागच्या बाकावरचा मुलगाही भागाकार पुन्हा करून बघतो.

कॅल्क्युलेटरला माझी मनाई नाही. अट एवढीच, की बटण दाबण्याआधी उत्तर अंदाजाने वहीत लिहायचे. 31 पैकी 21 म्हणजे अर्ध्याहून जास्त, पाऊणपेक्षा कमी. यंत्राने 6.77 दाखवले तर चूक बोटाची, हे त्याशिवाय कळणार कसे? सध्या आमचा वर्ग वर्गमुळापर्यंत आला आहे. प्रमाण विचलन दिवाळीनंतर.