खिशातले हत्यार : घ्यायचे तर कोणते, आणि कशासाठी?

बाजार समितीच्या आवारात, पतसंस्थेच्या सभेत किंवा लग्नाच्या मांडवात हल्ली एक दृश्य तुम्हीही पाहिले असेल. पांढरा शर्ट, गळ्यात गमछा आणि कमरेला डाव्या बाजूला काहीतरी फुगलेले. मंडळी मुद्दाम तिकडे बघत नाहीत, पण सगळ्यांचे लक्ष तिकडेच असते. मग घरी आल्यावर पोरगा विचारतो, "आपणही एक घ्यायचं का? छोटंसं, खिशात मावेल असं. कुठलं चांगलं?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वस्तीवर राहणाऱ्या माणसाला रात्रीची भीती असते. कांद्याची, उसाची, जमीन विकल्याची रोकड घेऊन येणाऱ्यालाही ती असते. परंतु डिसेंबर २०२४ मध्ये बीड जिल्ह्यातील मस्साजोगच्या सरपंचांची हत्या झाली आणि त्यानंतर त्या जिल्ह्यातल्या परवान्याच्या हत्यारांचा प्रश्न साऱ्या महाराष्ट्रापुढे आला. एकाच जिल्ह्यात हजाराहून अधिक परवाने असल्याचे उघड झाले. हवेत गोळीबार करणाऱ्यांची चित्रे लोकांनी पाहिली. पुढे प्रशासनाने शंभरावर परवाने रद्द केले. तेव्हा कोणते हत्यार भरवशाचे, एवढे सांगून थांबता येणार नाही. ते तुमच्या कामाचे आहे का, हे आधी पाहायला हवे.

गरज कोणती, ते आधी ठरवा

शेतकऱ्याला हत्यार आठवते ते बहुधा तीन कारणांनी : रानडुक्कर, बिबट्या आणि चोर. यातल्या पहिल्या दोहोंसाठी खिशातले पिस्तूल अगदीच कुचकामी आहे. आखूड नळी, हलकी गोळी आणि अंधारात पळणारे जनावर. गोळी लागली तरी जनावर जखमी होऊन उलट अंगावर येण्याचीच शक्यता जास्त. शिवाय ही जनावरे मारण्याची मोकळीक कोणालाच नाही. पिकाचे नुकसान करणारे डुक्कर मारायचे तरी वन खात्याची परवानगी लागते, आणि बिबट्याला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे सर्वांत कडक संरक्षण आहे. प्रत्यक्ष जिवावर बेतले असता स्वतःला वाचविण्यासाठी केलेला वार तेवढा गुन्हा ठरत नाही.

पिकाच्या राखणीसाठी कायद्याने वेगळी वाट ठेवली आहे, ती बहुतेकांना ठाऊक नसते. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना स्पष्टपणे नमूद आहे. ठासणीची बंदूक पुरेशी नाही असे अधिकाऱ्याला पटले, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूकही मिळू शकते. त्याच कलमात स्वसंरक्षणासाठी किमान २० इंच नळीच्या बंदुकीचा, म्हणजे आपल्याकडच्या बारा बोअरचा, उल्लेख आहे. वस्तीवरच्या माणसाला रात्री खरा आधार असेल तर तो याच बंदुकीचा. ती लपत नाही, हातात धरली की दिसते, आणि दिसली की बहुतेक वेळा चाप ओढायची पाळीच येत नाही.

राहिला चोर. इथेही नीट समजून घ्या. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण त्याला मर्यादा आहेत. रात्री घर फोडून आत शिरलेल्या दरोडेखोराची गोष्ट वेगळी आणि विहिरीवरची मोटार किंवा केबल घेऊन पळणाऱ्याची वेगळी. पाठमोऱ्या भुरट्या चोरावर गोळी झाडलीत तर मोटार दहा-वीस हजारांची आणि खटला खुनाचा, असा व्यवहार होऊन बसेल.

मग खिशातले हत्यार कोणासाठी? जो माणूस रोज रोकड किंवा सोने घेऊन ये-जा करतो, सराफ आहे, व्यापारी आहे, किंवा ज्याला खरोखरच धमकी आलेली आहे आणि तशी पोलिसांत नोंद आहे, त्याच्यासाठी. तुम्ही यात बसत असाल तर पुढचे वाचा. बसत नसाल तरीही वाचा, कारण शेजारी विचारायला येईलच.

बत्तीस आणि बावीस

सामान्य नागरिकाला कोणतेही बोअर घेता येत नाही. ९ मिलिमीटर, .३८ ही बोअर मनाई असलेल्या वर्गात मोडतात. उरतात ती मुख्यतः .३२ आणि .२२, म्हणजे बोलीतले बत्तीस आणि बावीस. परदेशी हत्यारांची खुली आयात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून बंदच आहे. त्यामुळे नवे घ्यायचे तर ते देशी.

सरकारी कारखान्यांत कानपूरला बत्तीस बोअरचे रिव्हॉल्व्हर बनते आणि बंगालमधल्या ईशापूरला 'अशनी' हे बत्तीसचेच पिस्तूल. २०१४ मध्ये कानपूरहून 'निर्भीक' आले. महिलांसाठी हलके म्हणून त्याचा गाजावाजा झाला. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, पण किंमत तेव्हाच सव्वा लाखाच्या घरात. त्यानंतर 'निडर' हे बावीस बोअरचे रिव्हॉल्व्हर निघाले, वजन जेमतेम पाव किलो. २०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन कारखाने सात कंपन्यांत वाटले गेले. त्यातल्या कानपूरच्या कंपनीने ऑगस्ट २०२३ मध्ये 'प्रबल' आणले. निर्भीकचा पल्ला १५ मीटरच्या आसपास सांगितला जात होता, प्रबलचा ५० मीटर सांगितला जातो. २०१६ च्या शस्त्र नियमांनंतर खासगी कारखान्यांनाही वाट मोकळी झाली आहे.

यातले भरवशाचे कोणते? भरवसा म्हणजे काय ते आधी पाहू. हत्यार वर्षभर खिशात किंवा कपाटात पडून असते, घाम आणि धूळ खाते, आणि एखाद्या दिवशी एका क्षणात त्याने चालायला हवे. या कसोटीवर साधे यंत्र जिंकते. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतूस फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढायचा, चाक फिरते आणि पुढचे काडतूस समोर येते. पिस्तुलात काडतूस फुसके निघाले तर दुसऱ्या हाताने वरचा भाग मागे ओढून ते बाहेर काढावे लागते. सरावाच्या माणसाला हे जमते. घाबरलेल्या, वर्षात एकदाही गोळी न झाडलेल्या माणसाला जमत नाही. शिवाय पिस्तुलाच्या मॅगझिनची स्प्रिंग, आतला मळ, मनगटाची ढिली पकड, यातले काहीही त्याला अडवू शकते. पिस्तूल चपटे असते, खिशात चांगले बसते, गोळ्याही भराभर सुटतात, हे खरे. पण ते नियमित साफसफाई आणि सराव मागते. शेतावरच्या माणसाने ते आपल्याकडून होईल का, याचा प्रामाणिक विचार करावा.

बावीस बोअरचे हत्यार हलके, धक्का कमी, म्हणून मोहात पाडते. परंतु बावीसच्या काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत पसरलेला असतो, बत्तीसमध्ये तो मधोमध टोपीत असतो. कडेच्या काडतुसात फुसके निघण्याचे प्रमाण जास्त, हा जगभरचा अनुभव आहे. म्हणून हात फारच नाजूक असेल तरच बावीस, एरवी बत्तीसचे नवे रिव्हॉल्व्हर, असे माझे मत आहे.

एक चूक मात्र करू नका. रिव्हॉल्व्हरचे बत्तीस आणि पिस्तुलाचे बत्तीस, दोघांची काडतुसे वेगळी. नाव एक म्हणून एकाचे दुसऱ्यात घालायचे नाही. काडतुसांवर बऱ्याचदा 'केएफ' अशी खूण दिसते, ती आपल्या पुण्याजवळच्या खडकी कारखान्याची. डबा ताजा घ्या, कोरड्या जागी ठेवा, आणि जुनी काडतुसे सरावात संपवा. हत्यार उत्तम आणि काडतूस पंधरा वर्षांचे, असला भरवसा काय कामाचा?

जुन्या हत्याराचा मोह

"आमच्याकडं आजोबांचं विलायती आहे, त्याच्यापुढं ही देशी काय!" हे वाक्य गावोगाव ऐकू येते. जुनी वेब्ली उत्तम असतील, पण त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत. जुन्या छोट्या पिस्तुलांपैकी काही .२५ बोअरची आहेत, त्यांची काडतुसे शोधता शोधता नाकी नऊ येतात. आयात बंद म्हणून किंमती मात्र अव्वाच्या सव्वा. जुने घ्यायचेच तर परवानाधारक विक्रेत्याकडे कारागिराला दाखवा : नळीत गंज आहे का, चाक घट्ट थांबते का, घोडा अर्धवट मागे राहतो का.

आणि आजोबा वारले असतील तर ते हत्यार पेटीत ठेवू नका. परवाना त्यांच्या नावाचा होता, तुमच्या नव्हे. विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा, पावती घ्या आणि मग वारसाच्या नात्याने अर्ज करा. बापाची आठवण म्हणून ठेवलेल्या हत्यारापायी पोरगा आरोपी होतो, हे टाळता येण्यासारखे आहे.

गावठी कट्टा

लाखाच्या हत्याराऐवजी काही पोरे काही हजारांत गावठी कट्टा आणतात. चोपडा तालुक्याच्या सीमेपलीकडे, मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्यातील उमर्टी गावाचे नाव त्यासाठी वारंवार बातम्यांत येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी तिथे जाऊन भट्ट्या उद्ध्वस्त केल्या. कट्ट्याच्या नळीची कुठेही चाचणी झालेली नसते. ती समोरच्यावर फुटेल की हातात, याची खात्री बनविणाऱ्यालाही नसते. आणि विनापरवाना हत्यार बाळगल्याबद्दल २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षांची कैद आहे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोराने मित्राचा कट्टा हातात धरून फोटो काढला तर त्याची भरती तिथेच संपली म्हणून समजा.

परवाना, कर आणि खर्च

अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे, आयुक्तालय असेल तिथे पोलीस आयुक्तांकडे. वय २१ पूर्ण हवे. पोलिसांचा अहवाल येतो, हत्यार हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. दोन गोष्टी लक्षात ठेवा. पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही, असे कायद्यातच लिहिले आहे. दुसरे, नकार दिला तर कारणे लेखी नोंदवावी लागतात. ती तुम्ही मागू शकता आणि अपीलही करू शकता. तेव्हा "साहेबांशी बोलून देतो" म्हणणाऱ्या दलालाच्या हातात पैसे ठेवू नका.

परवाना पाच वर्षांचा असतो आणि एका माणसाला दोनपेक्षा जास्त हत्यारे ठेवता येत नाहीत. तो कोणत्या क्षेत्रात चालतो ते त्यावर लिहिलेले असते. देवदर्शनाला परराज्यात जाताना हत्यार बरोबर नेण्याआधी ते वाचा. निवडणूक आली की परवान्यांची छाननी होते आणि आदेश आला तर हत्यार ठाण्यात जमा करावे लागते. म्हणजे गावात वातावरण सर्वांत तापलेले असते, नेमके तेव्हाच ते तुमच्याजवळ नसण्याची शक्यता असते.

खर्चाचे म्हणाल तर २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर व पिस्तुलावरचा वस्तू व सेवा कर २८ वरून ४० टक्क्यांवर गेला. त्याच दिवशी शेतीच्या ट्रॅक्टरवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला.

घरात आल्यावर

हत्यार घरात आले की ते चोराइतकेच घरच्यांच्याही जवळ असते. बांधावरून भावाभावांत होणारी भांडणे, दारू, कर्जाने खचलेला माणूस, कपाट उघडणारे लहान पोर, हे सगळे आपल्याच घरांत आहे. काठीने झालेले भांडण चार टाक्यांवर निभावते. म्हणून कुलूपबंद पेटी, काडतुसे वेगळ्या जागी, किल्ली एकाच्याच हातात, एवढे तरी पाळा. बाळगताना नुसते खिशात टाकू नका. चाप झाकणारे कातडी म्यान हवेच. आणि लग्नात हवेत बार काढायची हौस असेल तर त्याला आता दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत.

घरात दारूचे व्यसन असेल, भाऊबंदकीचा दावा चालू असेल किंवा कोणी मनाने खचलेले असेल, तर माझा सल्ला स्पष्ट आहे : गरज खरी असली तरी हत्यार घरात आणू नका. सव्वा लाखात वस्तीला तारेचे कुंपण, अंगणात रात्रभर जळणारा सौरदिवा आणि दोन चांगली कुत्री येतात. रोकडीऐवजी बँकेतून व्यवहार केला तर तेवढाही खर्च लागत नाही. हे सगळे करूनही धोका उरत असेल, तर पोलिसांत नोंद करा आणि मगच अर्जाला हात घाला.