गुळाची चव काय?

मागच्या शनिवारी भाचीबरोबर ठाण्याला गेले होते. तिला सध्या केक-बिस्किटांचं वेड लागलंय, आणि बाबांच्या ऐंशीव्या वाढदिवसाचा केक आपणच करणार असं तिनं महिनाभर आधीच जाहीर करून टाकलेलं. त्याच्या सामानासाठी एका मोठ्या चकचकीत दुकानात शिरलो, तर तिथे नुसत्या साखरेचं एक अख्खं कपाट! डेमेरारा, मस्कोवाडो, ब्राऊन शुगर, कोकोनट शुगर, खांड, ऑरगॅनिक गूळ पावडर, मेपल सिरप, खजुराचं सिरप... आमच्या लहानपणी घरात डबे दोनच, एक साखरेचा आणि एक गुळाचा. (गुळाच्या डब्याखाली मुंग्यांसाठी पाण्याची ताटली. तो वेगळा विषय.)

किमती बघून मी मुकाट्यानं हात मागे घेतला. भाची मात्र एकेक पाकीट उलटून वाचत होती. नॅचरल, केमिकल-फ्री, आणि एकावर तर चक्क 'गिल्ट-फ्री'. म्हणजे खाऊन अपराधी वाटायला नको अशी साखर!

"मावशी, आजोबांसाठी यातली हेल्दी कुठली गं?"

"एकही नाही."

माझा आवाज जरा चढलाच असावा, कारण शेजारचे काका वळून बघायला लागले. पण त्या 'गिल्ट-फ्री'नं माझी जुनी जखम उघडली होती, त्याला मी काय करणार?

तर झालं असं होतं. बाबांना २०१६ मध्ये मधुमेह निघाला. कल्याणच्या घरातून साखरेचा डबा हद्दपार झाला आणि त्याच्या जागी गूळ आला. तो आणला कुणी? तर मीच. एका प्रदर्शनातून, सेंद्रिय, काळसर, मातीच्या भांड्यात भरलेला, मोठ्या कौतुकानं. "बाबा, हा चालतो हं," असंही वर सांगून आले. आईनं मग चहात गूळ, लापशीत गूळ, आमटीत जरा जास्त गूळ असा धडाका लावला. साखर आपण पूर्ण बंद केली, याचं बाबांना इतकं समाधान की रोजचा दोन कप चहा चारवर गेला.

वर्षभरानं पायाच्या अंगठ्याला साधं खरचटलं, ते दीड महिना भरेना. तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी ती रक्ततपासणी केली, तर आकडा ७.२ वरून ९.१ वर. डॉक्टरांनी विचारलं, चहात काय घालता? बाबा अभिमानानं म्हणाले, "साखर बंद आहे. गूळ." किती? दोन चमचे. दिवसातून किती वेळा? चार वेळा. डॉक्टर रागावले नाहीत. कागदावर आठ चमचे असं लिहून त्यांनी त्याच्याभोवती गोल काढला आणि कागद माझ्याकडे सरकवला. अंगठा वाचला, पण तो गोल अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

गुळात लोह असतं, क्षार असतात, सगळं खरं. पण त्याचा बहुतेक भाग म्हणजे साखरच, तेच सुक्रोज. साखरेच्या एका ग्रॅममध्ये ४ कॅलरी, गुळात थोडं पाणी आणि क्षार असल्यामुळे जेमतेम कमी. लोहासाठी गूळ खायचा तर इतका खावा लागेल की लोहाच्या आधी बाकीचंच सगळं व्हायचं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये वरून घातलेल्या साखरेची मर्यादा सांगितली, ती दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १० टक्क्यांच्या आत. २००० कॅलरी खाणाऱ्याला ५० ग्रॅम, म्हणजे दिवसभराचे दहा-बारा चमचे, बिस्किटं-सरबतं सगळं धरून. त्या हिशेबात मध आणि सिरपंसुद्धा मोजलीयेत. (मधाचं नाव निघालंच आहे तर आमच्या नातेवाइकांसाठी: एक वर्षाखालच्या बाळाला गुटीतून मध चाटवू नका. त्यातल्या जिवाणूंमुळे क्वचित बोट्युलिझम होतो, आणि तो बाळाच्या जिवावर बेतू शकतो. मागच्या बारशाला हे बोलले तेव्हा दोन आत्या माझ्यावर रुसल्या होत्या. अजून रुसलेल्याच आहेत.)

मग एवढे प्रकार कशाला, सरळ रेशनची साखर घालावी सगळ्यात? तर तसंही नाही! माझं भांडण फक्त पाकिटावरच्या पुण्याशी आहे. साखर निवडायची ती तिच्या चवीसाठी आणि ती पदार्थात काय काम करते त्यासाठी. आपल्या आज्यांनी हे बरोबर ओळखलं होतं. संक्रांतीचा काटेरी हलवा घ्या. मंद आचेवर तीळ हलवत त्यावर एकतारी पाक थेंबाथेंबानं द्यायचा, तो सुकला की पुन्हा द्यायचा, असं तासन् तास. ते पांढरे काटे साखरेलाच येतात. गूळ ओल धरतो, त्याचे काटे कुठून येणार? उलट गुळाच्या पोळीला साखर घाला बघू. तव्यावर विरघळून वाट्टेल तिथून बाहेर येईल.

आणि गूळ म्हणजे तरी एक गूळ का? लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी गुळाच्या पोळ्या चिकीच्या गुळाच्या केल्या होत्या. दुकानात तोच समोर होता, मला काय ठाऊक! गरम असताना छान लागल्या. गार झाल्यावर सासरे म्हणाले, "पोळी चांगली आहे, पण दात माझेच आहेत, ते परत लागतील." चिकीचा गूळ गार झाला की काचेसारखा कडक होतो. तो कडक लाडवाला आणि चिक्कीला. पोळीला साधा मऊ गूळ, किसून. त्या दिवसापासून सासूबाईंनी आमच्या घरात दोन गुळांचे दोन डबे केले आणि चिठ्ठ्या लावल्या. चिठ्ठ्या माझ्यासाठी होत्या हे उघड होतं.

माझं आजोळ मालवणकडचं. तिकडे शिरवाळे आणि खापरोळी नारळाच्या रसात, आणि त्यात गूळ. गाईम्हशीच्या दुधाच्या खिरीला मात्र साखर. मला वाटायचं ही नुसती रीत. मग एकदा उकळत्या दुधाच्या खिरीत गूळ घातला आणि खिरीचं पनीर झालं. गुळात किंचित आंबटपणा असतो, क्षार असतात, त्यानं गरम दूध फाटतं. नारळाच्या दुधात ते प्रथिनच नाही, म्हणून ते निभावून नेतं. दुधात गूळ हवाच असेल तर गॅस बंद करून, खीर कोमट झाल्यावर. श्रीखंडाची गोष्टही अशीच. विकतची आयसिंग शुगर गुठळ्या होऊ नयेत म्हणून कॉर्नफ्लोअर घालून येते. केकवर ती ठीक, पण श्रीखंडात त्या पिठाची कच्ची चव लागते. तिथे साखर घरीच मिक्सरला लावावी. बेसनाच्या लाडवाला बुरा साखर मिळाली तर सोन्याहून पिवळं.

आता केकचं. भाचीच्या कृतीत ब्राऊन शुगर होती. ब्राऊन शुगर म्हणजे बहुतेक वेळा पांढऱ्याच साखरेला मळीचा हात, मळी म्हणजे साखर काढून घेतल्यावर कारखान्यात उरते ती. आपली काकवी निराळी. ती उसाचा अख्खा रस आटवून, गूळ व्हायच्या जरा आधी काढून घेतात. पुष्कळजण दोन्ही एकच समजतात. मी भाचीला सांगितलं, वाटीभर साखरेला मोठा चमचाभर काकवी बोटांनी चोळ, झाली तुझी ब्राऊन शुगर. आणि मावस बहिणीनं टोरांटोहून आणलेल्या मेपल सिरपपेक्षा घावनावर मला काकवीच आवडते. (ताई, रागावू नकोस. तुझी बाटली पॅनकेकवर संपवली.)

नुसत्या गुळाचाही केक होतो, फक्त तो साखरेच्या केकसारखा व्हावा असा हट्ट धरू नये. लोण्याबरोबर फेसताना साखरेचे टोकदार दाणे लोण्यात हवा कोंडतात. गुळाला ते जमत नाही. केक जरा दाट होतो, ओलसर राहतो, वरून लवकर करपतो म्हणून आच थोडी कमी ठेवावी लागते. पण त्याच्या आंबटपणाला खायचा सोडा छान जुळतो, आणि सुंठ-जायफळ असेल तर काय वास सुटतो घरभर! गोव्याचा माडाचा काळा गूळ असता तर आणखी बहार. दोदोलला तो धुरकट, किंचित खारट वास त्याच्याचमुळे. पण तो मडगावच्या बाजारातून कुणी आणला तरच.

येताना जांभळी नाक्यावर गुळासाठी थांबलो. दुकानदारानं नेहमीप्रमाणे पिवळाधमक रवा पुढे केला.

"हा घ्या ताई, एक नंबर कोल्हापुरी. तो काळपट कुणी नेत नाही."

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचा मलाही अभिमान आहे. तिथल्या माती-उसानं तो मुळातच उजळ होतो, हेही खरं. पण पिवळा तेवढा चांगला हे आपण गिऱ्हाइकांनीच ठरवलं. उजळ गुळाला भाव जास्त, म्हणून रसातली मळी काढायला जिथे रानभेंडीची साल पुरायची, तिथे काही ठिकाणी काहिलीत हायड्रोस पडायला लागलं. त्या गंधकाच्या अंशाला कायद्यानं ७० पीपीएमची मर्यादा आहे, पण दुकानात उभं राहून ते मोजणार कोण? काही गुऱ्हाळांत तर रसात साखरच मिसळतात. म्हणजे साखर नको म्हणून आपण जास्त पैसे देऊन गूळ घ्यायचा आणि त्यात साखर! गुळव्याला नावं ठेवण्याआधी आपण काय मागतो ते बघायला हवं, असं आपलं माझं मत. काळा म्हणजे शुद्ध असंही काही नाही म्हणा, करपलेलाही काळाच असतो. म्हणून मी खडा मागून जिभेवर ठेवते. खारट लागला, कडवट लागला, की परत. दुकानदार वैतागतात. वैतागू देत.

त्या दिवशी दुसरा खडा पसंत पडला. तांबूस, मऊ, उसाच्या रसाचा वास असलेला. किलोभर घेतला.

वाढदिवस काल कल्याणला झाला. कृतीत होता त्याच्या निम्मा गूळ, बाकी गोडी खजुराची. (तीही साखरच, हे भाचीनं स्वतःहून मला ऐकवलं!) केक मधे थोडा बसला, पण चव... बाबांच्या बशीत दोन बोटं रुंदीचा तुकडा, आणि त्याच्या बदल्यात रात्रीचा भात बंद, असा करार आधीच झालेला. बाबांनी डोळे मिटून तो तुकडा पाच मिनिटं पुरवला. मग हळूच बशी पुढे केली.

"गुळाचाच आहे ना? मग अजून एक चालेल."

भाचीनं काही न बोलता केकचं ताट उचललं आणि आत नेऊन ठेवलं.