पोटाला दाबेल ना रे?

गेल्या ईदला गावी जाताना दुल्हेभाईंच्या गाडीत एक क्लिप दिसली. सीट बेल्टच्या खाचेत ती खोचली की बेल्ट न लावताही अलार्म गप्प. ‘तू इंजिनियर, तुला आवडेल,’ ते म्हणाले. मी हसलो, खोटं कशाला बोलू? मागे गरोदर आपा, शेजारी अम्मी, तिच्या मांडीवर आपाचा दीड वर्षाचा मुलगा. बेल्ट एकालाही नव्हता.

रात्री हिशेब केला. ताशी 50 किलोमीटरने जाणारी गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर 10 किलोचं मूल सुमारे 140 किलोच्या ओढीने पुढे फेकलं जातं. कुठल्या आजीचे हात ते धरतील?

आपाला बेल्ट लाव म्हटलं तर ती म्हणाली, ‘पोटाला दाबेल ना रे?’ प्रश्न रास्त आहे. 1959मध्ये व्होल्वोच्या नील्स बोलिनने आजचा तीन बिंदूंचा पट्टा आणला, तो धक्का छाती आणि कमरेच्या हाडांनी झेलावा म्हणून. पोटाने नव्हे. कंपनीने त्याचं पेटंट इतरांनाही खुलं ठेवलं. म्हणून खालचा पट्टा पोटाच्या खाली, मांड्यांना लागून हवा. वरचा छातीच्या मधून, पोटाच्या बाजूने. बुरख्याचा झोळ त्याखाली गोळा होऊ देऊ नये. हे आपाला शोरूममध्ये कुणी सांगितलं नाही, मीही नाही.

चाचणीतही ती फारशी नव्हतीच. वर्षानुवर्षं मुख्य पुतळा सुमारे 78 किलोच्या पुरुषाचा. बाईचा म्हणून वापरलेला पुतळा बराचसा त्याचीच छोटी आवृत्ती. अमेरिकेतल्या 2011च्या एका अभ्यासात, बेल्ट लावलेल्या पुरुष चालकांपेक्षा बेल्ट लावलेल्या स्त्री चालकांना गंभीर इजा होण्याची शक्यता 47 टक्के जास्त आढळली. आम्ही सॉफ्टवेअरवाले स्वतःच्या फोनवर ॲप चाललं की ‘झालं’ म्हणतो, तसंच हे. यावरून ‘मग बेल्टचा उपयोग काय’ असं कुणी म्हणेल, तर ते साफ चूक. तुलना बेल्ट लावलेल्यांचीच आहे. न लावणं याहून कितीतरी धोक्याचं. आपासारख्या शरीरांवर चाचण्या मागायच्या, आणि आज आहे तो पट्टा लावायचा. मागच्या सीटवरही, कायदाही तेच सांगतो.

परतताना क्लिप माझ्या खिशात होती. दुल्हेभाई अजून नीट बोलत नाहीत. आपा पट्टा लावते. बाळाची सीट मात्र घ्यायची राहिली आहे. किंमत ऐकून अम्मी म्हणाली, ‘एवढ्यात तर अर्धा बकरा येईल.’